तहसील सावनेर

२८ ऑक्टोबर १९५६
बगिच्यात तोड सुरू. दिवसभर पेट्या भरल्या — खाली वाळलेलं तणस, वर संत्री, पुन्हा तणस. नागपूरच्या मुलाखतीला महिना झाला, कागद नाही.

या धंद्यात हातांना काम पुष्कळ. कलमा बांधा, तोडा, छाटा, पांढुर्ण्याच्या स्टेशनवर वॅगनीत चढवा. बहार मात्र फुलावर असतानाच व्यापाऱ्याला विकला जातो. कायम पगाराची जागा म्हणाल तर एकच — सरकारी रोपवाटिकेतला फळसहायक. त्यासाठी दोन वर्षं नागपुरात शिकलो, मुलाखतही त्याचीच दिली.

१ नोव्हेंबर
नागपूर मुंबई राज्यात गेलं. आमचं बोरगाव सौसर तहसिलीत, म्हणून आम्ही मध्य प्रदेशात, राजधानी भोपाळ! बाबा म्हणाले, "आता नागपूरवाले तुले कायले घेतीन?" जेवलो. पुन्हा पेट्या.

९ नोव्हेंबर
पोस्टमन रामाजी पाकीट देऊन गेला. निवड झाली! 'श्री. वसंत कोरडे, बोरगाव, तहसील सावनेर.' सावनेर? ते तर पलीकडे, मुंबई राज्यात! कारकुनाने सौसरचं सावनेर केलेलं दिसतं. खाली अट — उमेदवार मुंबई राज्याचाच हवा. चूक दाखवली की जागा गेली.

माझ्यासोबत शिकलेल्या मुकुंदला त्याच टपालात नकार. तो राज्याबाहेरचा म्हणे! "तुह्यं कसं जमलं बे?" मी पाकीट खिशात घातलं. लाज वाटली. आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

१५ नोव्हेंबर
आई म्हणाली, "काहून रे, बोलत नाहीस?"
"काम करून राहिलो ना."
पत्त्यातली चूक कळवायची नाही, असं ठरवलं.

२० नोव्हेंबर
नागपूरच्या रोपवाटिकेत रुजू झालो. मुलाखत घेणारे साहेब भोपाळला गेलेले, नवे मला ओळखत नाहीत. "तहसील?" "सावनेर." पटकन बोलून गेलो. मग जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमा केल्या. चाळीस. हात आपले चालत होते.

२३ नोव्हेंबर
साहेब दौऱ्यावर. दुपारी फाटकाशी एक जण आला, माझ्याच वयाचा. धुळीने माखलेला. "भाऊ, मुलाखत देऊन गेलो होतो जी. कागद काही आला नाही. माहं नाव वसंत कोरडे. बोरगाव, सावनेरजवळचं."

म्हणजे कारकून चुकला नव्हता. पाकीटच चुकून माझ्याकडे आलं होतं.

"जागा भरली," मी म्हणालो.

"बरं जी," म्हणाला, आणि प्यायला पाणी मागितलं. मी दिलं.