भिवघाटाला पुरेल एवढं इंजिन

आटपाडी
६ जानेवारी २०२४

चि. संयोगितास दादासोमामाचा पोटभर आशीर्वाद.

फोनवर तुजं अर्धंच ऐकू येतं आन् उरलेल्याला मी अंदाजानं व्हय व्हय म्हणतो, म्हणून फौजेतल्या सवयीनं पत्रच लिवतोय. एक जुनी छोटी गाडी घ्यायची हाय. फलटणला तुजं स्पेअर पार्टचं दुकान, रोज इंजिनाशी गाठ, तवा तुलाच इचारतो.

सांगलीत एकाकडं पांढरी गाडी बघितली. मागं १.२ लिवलंय, म्हंजी बाराशे सीसी. शेजारी हजारची बी हुती, तिच्याकडं मी वळून बघितलं न्हाई. बावीस वर्सं मी पाच हजार सीसीचा ट्रक डोंगरात घातला. हजारचं इंजिन म्हंजी शिलाई मशीन! मालक म्हणला, फौजी, तुमाला आमी काय सांगायचं. माणूस पारखी वाटला. तुजं मत कळव, पर बाराशेच्या खाली सांगू नगंस.

आमच्या जावयांस, जयराजरावांस रामराम.
तुजा मामा


फलटण
११ जानेवारी

तीर्थरूप मामांच्या पायांशी संयोगिताचा नमस्कार.

मत विचारायचं आणि उत्तरही तुम्हीच ठरवून पाठवायचं, हे बरं आहे! मामा, सीसी म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. इंजिनातल्या सगळ्या सिलिंडरांच्या पोटात मिळून किती मावतं, तेवढंच ते माप. पोट मोठं, तर जोर जास्त आणि खाणंही जास्त. पण तो जोर पुरतो की नाही, हे गाडीचं वजन, गिअर आणि इंजिनाची आजची तब्येत यांवर ठरतं. तुमचा ट्रक तीन टन ओढायचा. ही गाडी तुम्हाला आणि मामीला ओढणार. थकलेल्या बाराशेपेक्षा धडधाकट हजार कधीही बरं.

आणि मागच्या आकड्यावर जाऊ नका. तसले आकडे आमच्या दुकानातही मिळतात, चिकटवायला अर्धं मिनिट लागतं. आरसी बुकात सीसीचा रकाना असतो, तो वाचा. ९९८ असेल तर हजारची, ११९७ असेल तर बाराशेची. गाडी कुठे, कितीदा, किती माणसं घेऊन जाणार तेही कळवा. त्याशिवाय मी सांगू तरी काय?

लोभ आहेच, तो सीसीत मोजू नका.
संयोगिता


आटपाडी
१९ जानेवारी

चि. संयोगितास, रागात हाय, तरी आशीर्वाद घे.

बुक मागितलं तर मालक चहा पाजायला लागला. दोन चहा झाल्यावर बुक निघालं. ९९८! मी म्हणलं, मागं बाराशे लिवलंय. तर म्हणतो, आवं काका, दोनशे सीसीनं काय हुतंय, भाजीत मीठ कमी-जास्त. फौजीचा काका झालो बघ एका मिंटात. नखानं खरवडलं तर ते १.२ माज्या हातात आलं.

तवा आता ठरलं. दुसऱ्याकडं पंधराशेची डिझेल हाय, मोठी. बुक स्वता वाचलं, १४९८. आता फसायचं कामच न्हाई. आन् कुठं जाणार, किती माणसं, हे इचारू नगंस. गाडी हाय, रस्त्यावरनं जाणार.

मामा


फलटण
२४ जानेवारी

मामा, नमस्कार. कपाळावर मारलेला हात खाली घेऊन लिहिते आहे.

एका दुकानात सदरा आखूड निघाला म्हणून दुसऱ्या दुकानातून तंबू आणतं का कुणी? त्या गाडीचं नाक लांब, क्लच जड. मी साधा प्रश्न विचारला, तो तुम्ही टॉप गिअरमध्ये ओलांडून गेलात. एवढं मोठं इंजिन दाखवायचं आहे कुणाला? खरसुंडीच्या जत्रेत भावकीला? तसं असेल तर सरळ सांगा, म्हणजे मी शाई तरी वाया घालवणार नाही.

तुमचा लोभ ठेवा. माझा संपत आला आहे.
संयोगिता


आटपाडी
३० जानेवारी

चि. संयोगिता, हरणामामीचा आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जेवलेच न्हाईत. म्हणून यांना न सांगता लिहितेय.

साखरेच्या दुखण्यानं यांच्या उजव्या पायाला काही कळत न्हाई. दिवाळीत बाजारातनं आले ते एकाच पायात चप्पल. दुसऱ्या टाचेत खिळा, मागं अंगणभर रक्ताचे ठिपके, आणि हे मलाच विचारतात, अशी काय बघतीस? ती जखम अजून भरंना. आठवड्यातनं दोनदा सांगलीला दवाखान्यात न्यावं लागतं. एसटीत त्याच पायावर कुणाचा पाय पडला, तर यांना पत्ता न्हाई. डॉक्टरांनी बजावलंय, जखम चिघळली तर पाय काढावा लागंल. आणि ब्रेक किती दाबला हे ज्याला कळत न्हाई, त्यानं गाडी चालवायची न्हाई.

तवा गाडी मी चालवणार हाय. पंचावन्नाव्या वर्षी शिकले, लायसन काढलं. हे तुला सांगायची यांना लाज वाटती. डोक्यात एकच बसलंय, सांगलीच्या वाटेवरच्या भिवघाटात गाडी अडकून मागं घसरली तर हरणाला कोण सावरणार? इंजिन मोठं असलं की हरणा अडकणार न्हाई, हे यांचं गणित.

मला पण लय वैताग आलाय ग. जी गाडी मी चालवायची, तिच्यात मला कुणी बसूच देत न्हाई. हे बुकं वाचतात आणि मी पिशवी धरून बाहेर उभी.

यांच्यावर रागव, पण बेतानं.
मामी


आटपाडी
१७ फेब्रुवारी

चि. संयोगितास मामाचा आशीर्वाद.

तुजं दोन ओळींचं पत्र पावलं. मामीला स्टेअरिंगवर बसवा, पाच माणसं भरून भिवघाट चढवा, मग सीसीचं बोला, असं लिवलंस. हरणानं तुला समदं कळवलं, ते तवाच वळखलं. वर माफी मागितलीस, ती मी खोडून टाकली. चूक माजी.

पंधराशेत हरणाला बसवलं. क्लच दाबायला ती सीटच्या कडंला आली, आन् बॉनेटच्या पुढचं काय दिसंना. उतरली, दार लावलं आन् म्हणली, ही तुमची गाडी, माझी न्हाई. मग विट्याच्या रंगूबाई मास्तरीणबाईंची घरची गाडी बघितली. ९९८. मी बुक वाचतोय तवर हिनं चावी मागून घेतली.

मास्तरीणबाई, त्यांचं दोन दांडगं दीर आन् आमी दोघं, असं भिवघाटाला लागलो. ऐन वळणावर उसाची ट्रॉली म्होरं थांबली. हिनं बी थांबवली, आन् गाडी बंद पडली. मागं ट्रक. माजी मांडी आवळली तवा समजलं, माजा पाय खाली ब्रेक शोधतोय. मी वरडणार, तेवढ्यात हिनं हँडब्रेक ओढला आन् माज्याकडं न बघता म्हणली, गप बसा. चावी फिरवली. पहिला गिअर. क्लच सोडत सोडत हँडब्रेक सोडला. वीतभर बी मागं गेली न्हाई, पोरी. हजार सीसी, पाच माणसं!

घाट सरल्यावर हिनं कडंला लावली. मी पाण्याची बाटली दिली.

गाडी घेतली. आता वैताग माजा. गाडीत मला सूचना द्यायची बंदी हाय, नुसतं हूं केलं तरी ही गाडी थांबवती. पर एक सांगतो. उभं आयुष्य उजवीकडं बसलो, रस्ता सोडून कायच बघितलं न्हाई. भिवघाटातनं खाली लांबवर रान दिसतं, वस्त्या दिसत्यात, मेंढरं दिसत्यात. कवापास्नं हुतं हे सगळं?

आज दवाखान्याचा दिवस. हिनं डावं दार उघडून ठेवलंय. येतो मी.

तुजा मामा