रोशाचं तेल

उस्मानपुरा,
अनंत चतुर्दशी

प्रिय भानू,

आधी आनंदाची बातमी. माझं नाक परत आलं! ज्या कोविडनं तुझे बाबा नेले, त्यानंच माझा वासही नेला होता. गेल्या आठवड्यात फोडणी करपली आणि दोन वर्षांनी तो ठसका थेट नाकात गेला. द्वारकाबाई धुणं टाकून धावत आली, तर मी कढईवर वाकून हसत होते. बाईंचं डोकं फिरलं, असं वाटलं असेल तिला.

पहिली आठवण आली ती रोशाच्या तेलाची. सिल्लोडकडच्या डोंगरातल्या त्या गवताचं तेल बाबा रोज झोपताना गुडघ्यांना चोळायचे आणि अख्खं अंथरूण घमघमायचं. मी वैतागायचे. कॉलेजात मात्र मी तेच रंगवून शिकवायचे, की यात जिरॅनिऑल भरपूर, म्हणून गवत असूनही गुलाबाचा वास; साबणात घालतात, डासही पळतात. "वर्गात कौतुक अन् घरात नाक मुरडतीस व्हय गं?" असं ते चिडवायचे.

मी कपाट उघडून त्यांचे सदरे, मफलर, उशीचा अभ्रा, सगळं हुंगलं. नुसता साबण. सुतक फिटल्यावर घरातलं झाडून सगळं धुतलं होतं ना आपण. तेव्हा मला वासच येत नव्हता, त्यांचा वासही धुऊन जातोय हे कळणार कसं?

मग गुलमंडीवरून बाटली आणली. तेल अस्सल होतं, पण त्यात बाबा नव्हते. ते त्यात कापूर आणि कोमट तीळतेल घालायचे, वर त्यांची तपकीर, त्यांचा घाम. मीही मिसळून पाहिलं. नाही जमलं. फार रडले गं.

त्या शेवटच्या दिवाळीला तू पहाटे नाशिकला निघालीस, तेव्हा बाबांनी अंगावरची गोधडी काढून गाडीत तुझ्या पायांवर टाकली होती. तेलाचा वास मारते म्हणून तू ती पिशवीत बांधून तिकडे माळ्यावर ठेवलीस. काल फोनवर म्हणालीस, यंदा घट बसायच्या आत धुऊन टाकते. मी बरं म्हणून टाकलं, पण मनातून नको होतं. म्हणून हे पत्र. ती धुऊ नकोस. ही तेलं उडून जातात, मीच शिकवलंय जन्मभर. कदाचित काहीच उरलं नसेल. तरी पिशवीची गाठ सोडू नकोस. पितृपक्षात बाबांच्या तिथीला येशील, तेव्हा तशीच घेऊन ये. खिडक्या लावून घेऊ आणि आपण दोघी मिळून सोडू.

वाट पाहणारी, तुझीच
आई