डाव्या पायाचा अर्धा इंच

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे जपून वाकवायला सांगितलंय, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं टेकतील तेवढी टेकली असं समजावं.) तुमचा खोकला, नवा चष्मा, आणि तुम्ही अजून उभ्यानंच कापड बेतता, हे सगळं वहिनींच्या फोनवरून कळतं. ज्या पँटवरून आपलं एकोणीस वर्षं बोलणं नाही, तिचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलोय. बघू कितपत जमतं.

तुमची पुतणी, म्हणजे माझी पोरगी, खेळाडूंच्या शरीराचं शास्त्र शिकते. माणूस पळतो, उडी मारतो, तेव्हा आत काय काय चालतं, ते. तिच्या परीक्षेच्या प्रकल्पाला साठीपुढचा एक माणूस कमी पडत होता आणि हातात चारच दिवस होते. मी लगेच तयार झालो. पोरीची माया हे एक, पण खरं म्हणजे मला कुतूहल होतं. आपण शिंपी लोक गिऱ्हाइकाला सरळ उभं करून मोजतो (पोट आत घेऊन, आणि घरी गेल्यावर ते पोट पुन्हा बाहेर येतं). हलणारा माणूस आपण कधी मोजलाच नाही.

तिच्या प्रयोगशाळेत मला अर्धी चड्डी घालायला दिली. (शिलाईबद्दल न बोललेलं बरं.) खांदा, कंबर, गुडघा, घोटा, जिथं जिथं सांधा तिथं तिथं पोरीनं चकचकीत गोळ्या चिकटवल्या. भिंतीवरचे कॅमेरे त्या गोळ्याच तेवढ्या बघतात. तोंडाला श्वास मोजायचा मुखवटा, छातीला ठोके मोजायचा पट्टा, आणि पायाखाली सरकता पट्टा. तो सुरूही झाला नव्हता तर माझे ठोके सत्तरावरून नव्वदावर. पुतणी म्हणाली की अंगाला आधीच चाहूल लागते आणि ते आपणहून तयारीला लागतं. बासष्ट वर्षं या अंगात राहतोय, दादा, पण ते मला न विचारता इतकी कामं उरकतं याचा पत्ता नव्हता. उजवा पाय पुढे गेला की डावा हात पुढे जातो, हेही तिथंच कळलं. ते मुद्दाम करून बघायला गेलो आणि चालायचंच विसरलो. दोघांनी धरलं म्हणून वाचलो.

पण खरा घोटाळा त्याआधीच झाला होता. गोळ्या चिकटवून पोरगी वही आणायला गेली, आणि समोर आरसा. बघतो तर डाव्या गुडघ्याची गोळी उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली! चाळीस वर्षांचा शिंप्याचा डोळा, तो गप्प बसतोय होय? हळूच सोलली आणि उजव्याच्या ओळीत चिकटवली. पोरीची चूक चारचौघांत दिसू नये, एवढाच हेतू. पुढे संगणकावर माझी रेघांची आकृती चालू लागली, तर दर पावलाला तिची डावी नडगी लांब-आखूड होतेय. सगळे चक्रावले. पोरगी रडकुंडीला आली, तिला वाटलं प्रकल्प बुडाला. मग मला कबूल करावं लागलं.

ती रागावली नाही. मला आडवं निजवलं आणि पाय मोजले. माझा विश्वास बसेना. खिशातली टेप काढून मीच पुन्हा मोजले, तीनदा. माझी डावी नडगी अर्धा इंच आखूड आहे. जन्मापासून. गोळी बरोबर होती, मीच वाकडा. कंबर आणि खांदा मिळून तो अर्धा इंच असा काही सांभाळून घेतात की मालकाला कळतसुद्धा नाही.

आणि तुम्ही माझ्यासाठी शिवलेल्या त्या पँटचा डावा पाय अर्धा इंच आखूड होता. ती मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, टेबलावर घडी घालून दाखवली होती. दादाला आता दोन पाय सारखे बेतता येत नाहीत, असं म्हणालो होतो. तुम्ही काही बोलला नाहीत, कात्री उचलून गेलात. गिऱ्हाइकाचं व्यंग तोंडानं बोलायचं नाही, कापडात जिरवायचं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. मी ते जन्मभर परक्यांसाठी पाळलं, आणि तुम्ही माझ्यासाठी पाळलंत तेव्हा मात्र मला ते कळलं नाही. मला फार लाज वाटते, दादा.

वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा

ता. क. गोळ्या जागेवर लावून दुसऱ्यांदा चाललो, पुतणीचा प्रकल्प वेळेत गेला. फक्त एक कोडं तिला सुटलेलं नाही. टेप हातात घेऊन मी नुसता बसलो होतो, तेव्हाही माझे ठोके एकशेदहावर गेले होते. मी म्हटलं, मुखवटा घट्ट होता. (तो तेव्हा काढलेला होता.)

ता. क. दुसरा. पत्रभर ‘तुम्ही’ लिहिलं, आता पेलत नाही. दादा, तू बरोबर होतास. पँटचं कापड घेऊन रविवारी येऊ का? कंबर वाढलीय, ती मोजावी लागेल. पाय मोजू नकोस. ते तुला पाठ आहेत.