अहवालाची नक्कल

३ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
ताईचा प्रेमाचा सलाम. वि. वि.

एकदाची रजा मंजूर झाली! मिशनच्या कामाला समुद्र ओलांडून आलो, त्याला सात वर्षं झाली. मागची रजा तुझ्या मेव्हण्यांनी प्रार्थनामंदिराच्या छपरापायी सोडली, तेव्हा मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. आता मे महिन्यात येतोय आणि परतताना चिमणीला घेऊन जाणार. पाच वर्षांची असताना तुझ्या कडेवर दिली, कारण इथं शाळा नव्हती. आता मिशनची मुलींची शाळा निघाली आहे, तेव्हा तिला तुझ्याकडे ठेवायचं कारणच उरलं नाही.

दवाखान्यात माझ्या हाताखाली दोनच नर्स. हे प्रवचनाला उभे राहिले की घड्याळ विसरतात, मग मी पहिल्या बाकावरून खोकते. तू शिवणाच्या वर्गात अजून टाचण्या तोंडात धरतेस का? गिळशील एक दिवस.

लेकीला सांग, खोली तयार आहे. निळा पडदा लावलाय.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. सलाम.

तुझं पत्र चिमणीला वाचून दाखवलं. ती उठली आणि ट्रंकेतून तुझी सात वर्षांची पत्रं काढून आणली. शेजारी तुझे अहवाल छापून आलेले चर्चच्या मासिकाचे अंक मांडले आणि म्हणाली, मावशी, तूच बघ. बघितलं गं. विहिरीला पाणी लागलं ते, आंधळ्या म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा झाला ते, कानामात्रेचा फरक नाही. वेगळा तो फक्त मायना. तिथं ‘प्रिय बंधुभगिनींनो’, इथं ‘प्रिय चिमणे’. मागे एका रविवारी पाळकसाहेब तुझा अहवाल वाचत होते आणि ही माझ्या शेजारी ओठ हलवत होती, त्यांच्या एक शब्द पुढे. मला वाटलं, पोरगी प्रार्थना करतेय. मनातून सुखावलेही.

ठेवायचं कारण उरलं नाही, म्हणे. पोर आहे ती, ताई, सामान नव्हे. छापखान्यातल्या त्या फोरमनला मी सांगितलं होतं, हिचे आईबाप येईपर्यंत थांबा. तुम्ही रजा सोडलीत, त्यानं माझा नाद सोडला. त्या छपराखाली आता कोण कोण कोरडं राहतं ते कळव.

तिचं पत्र सोबत आहे. मी एक अक्षर सांगितलेलं नाही.

तुझीच, धाकटी

२६ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
सा. सलाम.

मी खुशाल आहे. तुम्ही आणि बाबा या, मी स्टेशनावर घ्यायला येईन. पण तुमच्याबरोबर जाणार नाही. मला टायफॉइड झाला होता तेव्हा मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली. उत्तरात विहीर आली. मावशीला आता सुईत दोरा ओवता येत नाही, तो मी ओवते. खोली दुसऱ्या कुणाला द्यावी.

आपली आज्ञाधारक,
चिमणी

२० मार्च

प्रिय धाकटीस,
सलाम.

तिनं मला ‘तुम्ही’ म्हटलं. त्यापुढचं बराच वेळ वाचताच येईना.

तू म्हणतेस ते खरं. अहवाल दर महिन्याला द्यावाच लागे. तो लिहून झाला की माझ्यात काही उरत नसे, म्हणून तिला त्याचीच नक्कल. पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली. तिची ती तीन पत्रं पोचली होती. वॉर्डात गोवराची साथ होती, असं लिहिणार होते. पण ते कारण नव्हे. पूर्ण वाचली असती तर सगळं टाकून निघावंसं वाटलं असतं, म्हणून अर्धीच वाचली.

काल यांना म्हटलं, मी रजेवर नाही, कायमची जाते. हे बुटांना पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, चाळीस खाटा कोण बघणार? त्यावर मी भांडायला हवं होतं, सात वर्षं ते भांडण मनात तयार होतं. पण हे अडवताहेत म्हटल्यावर मला हायसं वाटलं, धाकटे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू हे?

मुलगी तुझी आहे. याला त्याग म्हणू नकोस, तो शब्द आम्ही वापरून वापरून पार झिजवलाय. मे महिन्यात हे एकटेच येतील. तिला सांग, आईला रजा मिळाली नाही. खरं वाटणार नाही तिला, तरी सांग.

लोभ मागायला तोंड नाही.
ताई