बाराची टिक

२ मार्च, सोमवार
आजपासून मी आयसीयूचा इन्फेक्शन कंट्रोल प्रतिनिधी. खिशाला हिरवा बिल्ला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या फुप्फुसात जंतू जाऊ द्यायचे नाहीत, ही जबाबदारी आता माझी. साबणताईंनी (म्हणजे इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर, हे नाव फक्त त्यांच्या पाठीमागे) तक्ता दिला. डोक्याकडून बेड वर, दर चार तासांनी तोंडाची स्वच्छता, सक्शनच्या, म्हणजे नळीतून कफ ओढण्याच्या, आधी आणि नंतर हात धुणे. केलं की टिक.
संकल्प : एकही टिक चुकणार नाही. बायकोला बिल्ला दाखवला. तिने विचारलं, हा धुवायला टाकायचा का?

३ मार्च
माझ्याकडे चार नंबरचा बेड. मास्तर, रिटायर्ड. नसांच्या आजाराने अंगातली ताकद गेली म्हणून श्वास मशीनवर, पण पूर्ण शुद्धीत. तोंडात नळी, त्यामुळे बोलता येत नाही. सक्शन करताना सारखे माझ्या हातांकडे बघतात. माझ्या कौशल्याचं कौतुक असणार.

४ मार्च, सकाळी ८.१०
नवीन पद्धत शोधली. सगळ्या टिका आठलाच मारून टाकायच्या. काम तर होणारच असतं! वाचलेला वेळ पेशंटला.
दु. १.३०. वाचलेला वेळ चहाला गेला.

५ मार्च
हात धुवून परत ग्लोव्हज घालणं म्हणजे छत्री असताना रेनकोट. ग्लोव्हज पुरेत. मास्तर आजही बघत होते.

६ मार्च
बाराची तोंडाची स्वच्छता राहिली. शेजारच्या बेडवर धावपळ होती. कालही राहिली होती; काल धावपळ कुठे होती, ते आठवत नाही.
घरी लेक हात न धुता ताटावर बसली. तिला अर्धा तास झापलं. बायको म्हणाली, जेवण गार झालं.

९ मार्च, सोमवार
मास्तरांना ताप. सक्शनला घट्ट, पिवळं येतंय. उद्या नळी काढणार होते, ते रद्द. मोठे डॉक्टर म्हणाले, छातीत इन्फेक्शन, या वयात काही सांगता येत नाही.
संशयित : एसी. फिजिओथेरपिस्ट. मास्तरांच्या मुलीने आणलेला रुमाल.
बाहेर त्या मुलीने माझे हात हातात घेतले. म्हणाली, ब्रदर, तुमच्या भरवशावर बाबांना सोडून घरी जाते. स्वतःचा डबा न उघडताच परत नेला.

१० मार्च
एसी चेक करून घेतला. निर्दोष निघाला. मेला एसी!

११ मार्च
साबणताईंनी तक्ता काढला. शुक्रवारी बाराला टिक आहे, पण पावणेबारा ते एक पेशंट स्कॅनला होता, हे कसं? म्हणजे शेजारच्या बेडची धावपळ एकनंतरची असणार, बाराला नव्हतीच. मी म्हणालो, स्कॅनच्या खोलीत केली. त्यांनी विचारलं, ब्रश घेऊन गेला होतात? मी म्हणालो, हो. का म्हणालो देव जाणे. उद्या मोठ्या डॉक्टरांना घेऊन मास्तरांनाच विचारणार आहेत.
मास्तर वाचू देत. आणि त्यांना काही आठवू नये. दोन्ही एकदम मागितलं. लाज वाटली.

१२ मार्च, सकाळी ११.३०
ताप उतरलाय. विचारलं त्यांनी. बाराला तोंड रोज स्वच्छ करतात का? मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो. साबणताई आणि मोठे डॉक्टर गेले.
सुटलो! बघत होते ते कौतुकानेच तर. बोटांत ताकद आलीय, म्हणून पॅड आणि पेन दिलं. आभाराचं लिहितील. मिळालं की बिल्ल्याशेजारी लावीन.

११.५५
अक्षर वाकडं, पण शाळेतलंच. लिहिलंय :
'तुमची नोकरी जाईल म्हणून हो म्हणालो. फार घाण वाटतं. आज तरी तोंड धुवाल का?'
सिंकवर गेलो. साबण लावून वीसपर्यंत मोजलं, पुन्हा वीसपर्यंत. तोंड स्वच्छ केलं, हिरड्या, जीभ, नळीभोवती सगळं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मला रडू आलं आणि हात ग्लोव्हजमध्ये असल्याने डोळे पुसता येईनात.
मग टिक मारायला तक्ता उचलला. आजच्या बाराला टिक होतीच. सकाळी आठला मारलेली.