एका हाकेला ओ नाही

१३ ऑक्टो. ७३, शनिवार
दुष्काळानंतर सीनेला यंदा नीट पाणी. व्यंकटेश मागावरून सुटून थेट कचेरीत आला. अंगावर सुताचे तंतू तसेच. म्हणाला, "दत्तू, खडस वर आलेत म्हणं. ह्या एवढ्या मिशा. उद्या गळ घेऊन जाऊ की." शेटशी त्याचं पुन्हा वाजलंय. आता भिवंडीलाच जातो म्हणाला. वर्षातून चारदा तो माझ्यासमोर बसून भिवंडीला जातो. बायको म्हणाली, एक रविवार घरात बसलात तर काय बिघडेल? बिघडेल.

१५ ऑक्टो., सोम
काल लिहिलं नाही. आता झालं तसं लिहितो.
संध्याकाळी साडेपाचला पोचलो, माझ्याच सायकलवर डबलसीट. शेंगदाण्याची पेंड, कणकेचे गोळे. खडस शहाणा मासा. बोलणं ऐकू आलं की तळाला जातो. म्हणून पन्नासेक पावलं लांब बसलो, मधे बाभळी. व्यं. दिसत नव्हता, खोकला तेवढा ऐकू यायचा.
दिवेलागण झाली आणि हाक आली. "दत्तू." एकदाच.
नदीवर दिवेलागणीनंतर एका हाकेला ओ द्यायची नाही, ही आमच्या वडिलांची शिकवण. माणूस दोनदा हाक मारतो, ते दुसरं जे काय असतं ते एकदाच. व्यं.ला मीच शिकवलं. अर्धं थट्टेत पाळायचो, पण पाळायचो. म्हणून बसून राहिलो. दुसरी येईल, मग ओ देऊ. गळाला काहीतरी ओढत होतं, तिकडेही लक्ष होतं. खोटं कशाला लिहू.
दुसरी आली नाही. थोड्या वेळाने मीच ओरडलो, दोनदा. मग बाभळीपलीकडे गेलो. पेंडीची पुडी होती. काठाची माती ढासळलेली, ती आत्ताची की आधीची कळेना. गळ नाही, माणूस नाही. गावातून माणसं आणली, कंदील आणले, काही उपयोग झाला नाही.

१७ ऑक्टो., बुध
शोध थांबवला. कोळ्यांनी दोन दिवस डोह ढवळला. ओढ फार आहे म्हणाले, पार भीमेला गेला असेल.
जबाब झाला. फौजदारांनी विचारलं, "ओरडला वगैरे? काही ऐकलंत?" नाही म्हणालो. सही केली.
का नाही म्हणालो? मॅट्रिक झालेला कारकून आणि भुताच्या भीतीने बसून राहिला, असं लिहून घेतलं असतं. लाज वाटली, दुसरं काही नाही.

२१ ऑक्टो., रवि
भवानी पेठेत गेलो. लक्ष्मीवहिनींचं कुंकू तसंच, मंगळसूत्रही गळ्यात. व्यं.ची बायको म्हणून नव्हे, पण बाई हुशार. म्हणाल्या, "अन्ना, तुमी पन्नास पावलावर व्हता. बुडले असते तर वरडले असते की. तुमाला ऐकू आलं न्हाई, म्हंजे बुडले न्हाईत. भिवंडीला गेलेत, शेटवर रागावून." आपल्या भावाला, नरसय्याला, भिवंडीला पाठवलंय.
माझ्या खोट्यावर बाई उभी आहे. चहा तसाच ठेवून उठलो.

३० ऑक्टो., मंगळ
संध्याकाळ झाली की कान लागून राहतात. काल बायकोने आतून हाक मारली, मी उंबऱ्यात तसाच उभा. दुसऱ्यांदा मारल्यावर ओ दिली. बहिरे झालात का, म्हणाली. झालो असतो तर बरं.
कचेरी सुटल्यावर तळ्याच्या कडेने येतो. तिथे आजही हाक ऐकू आली. व्यं.चाच आवाज, जरा घोगरा. मागे बघत नाही. पाय हलके करून चालतो, पळावंसं वाटतं. चाळिशीच्या माणसाला असं भ्यायला शोभत नाही, पण भितो.

४ नोव्हें., रवि
नरसय्या परत आला. आठ दिवस भिवंडीत मागामागावर विचारत फिरला. कुणी पाहिलेला नाही. जातीतले म्हातारे म्हणतात, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकू. वहिनी ऐकत नाहीत.
नरसय्या मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. "अन्ना, तुमी सांगा तिला. तुमचंच ऐकंल. दोन वेळचं ताट वाढून ठेवती, सवता जेवत न्हाई. असंच चाललं तर तीबी जाईल."
पुढच्या रविवारी सांगतो म्हणालो. आठ दिवस का मागून घेतले, मलाच ठाऊक.

११ नोव्हें., रवि
सांगितलं.
वहिनी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या. नरसय्या दारात. मी बसलोच नाही. "वहिनी, हाक आली होती. जबाबात खोटं सांगितलं. व्यंकटेशचाच आवाज होता. मी उठलो नाही."
चरखा थांबला. वाटलं, आता रडतील, शिव्या देतील, चप्पल काढतील. मला तेच हवं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी वाटली.
त्यांनी विचारलं, "किती वेळा?"
"एकदा."
"नीट आठवून सांगा. एकदाच?"
"एकदाच."
चेहरा असा खुलला की मला बघवेना. "मग ते न्हवंत. तुमीच शिकवलंय की त्यास्नी. हितं घरात पाणी मागायचं तरी दोनदा हाक मारत्यात. एकदा मारणारं ते दुसरंच कायतरी."
म्हणालो, वहिनी, तोंडात पाणी गेल्यावर माणसाला दुसरी हाक... नरसय्याने मान खाली घातली.
वहिनींनी चरखा पुन्हा धरला. म्हणाल्या, "बरं झालं अन्ना, तुमी ओ दिली न्हाई."
नरसय्या म्हणतो, पुढच्या रविवारी परत या, परत समजावून सांगा. काय सांगू.