जरनेलाच्या पुस्तकातली संध्याकाळ

आबा,

या महिन्यात मी जरनेलाचं पुस्तक पुन्हा वाचून काढलं, दोन्ही भाग. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपार मोकळीच असते, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. शाहूपुरीतले डॉक्टर म्हणतात, उन्हाळा सरला की काढून टाकू. तोवर दिसतंय तितकं वाचावं म्हणून ट्रंक उघडली, तर वरच ही दोन पुस्तकं होती. कातडी पुठ्ठ्याला बुरशी धरलेली, ती फडक्यानं पुसली आणि पहिलं पान उघडलं. वाचताना काहीतरी होईल असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. रोज जेवणानंतर बसायची, चार वाजता चहा ठेवायला उठायची, आणि एक दिवस पुस्तक संपलं.

तुम्ही ते घरी आणलं तो दिवस मला नीट आठवतो. महाराजांच्या पागेवरचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. जाताना त्यानं सामान वाटून टाकलं. कुणाला खुर्ची दिली, कुणाला कंदील. तुम्ही पागेचे जमादार, त्याच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेली, तर तुम्हाला ही पुस्तकं दिली आणि म्हणाला, तुझा जनरल आहे यात, त्यानं स्वतःच लिहिलंय. तुम्हाला इंग्रजी अक्षर येत नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, पण मला येतं हेही तुम्हीच त्याला कधीतरी अभिमानानं सांगितलं असणार. बावड्याच्या रस्त्याला, पागेच्या मागच्या आपल्या दोन खोल्यांत तुम्ही पुस्तकं घेऊन आलात तेव्हा धोतराला घोड्यांचा आणि उकडलेल्या हरभऱ्याचा वास होता. हात धुतल्याशिवाय तुम्ही पुस्तकं खाली ठेवायला तयार नव्हता, आणि खाली ठेवल्याशिवाय हात धुता येत नव्हते. शेवटी थोरल्या आईनं पदरात घेतली.

मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई मला सुट्टीनंतर थांबवून इंग्रजी शिकवायच्या. माझं लग्न तुम्ही लांबवत होता, भावकीत त्यावरून बोलणी होत होती. आई मी रांगत असतानाच गेलेली, मला वाढवलं थोरल्या आईनं. म्हणजे घरात आपण तिघंच: तुम्ही, तुमच्या थोरल्या भावाची बायको, आणि मी. दुपारी घोड्यांचा दाणा-वैरण झाली की तुम्ही घरी यायचा, भिंतीला टेकून बसायचा, आणि मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची. जरनेलाचं लहानपण, त्याच्या बापाची जमीन, पहिलं तट्टू, तट्टावरून पडून मोडलेला हात. हे ऐकून तुम्ही हसलात. एवढा मोठा माणूस, आन् पडल्यालं बी लिवतोय, म्हणालात. पुढं सैन्यातली बढती, बदल्या, मेजवान्या आल्या आणि मला कंटाळा यायला लागला. मी मधली पानं गाळायची. एक दिवस तुम्ही मला पकडलंत, कारण जरनेल एका गावाहून निघाला आणि एकदम जहाजावरच दिसला. तुम्ही आवाज चढवला नाही. “त्यानं लिवलंय त्येवढं समदं वाच,” म्हणालात. “तुला ग्वाड वाटंल तेवढं नगो.” त्यानंतर मी एक ओळ गाळली नाही.

तुम्ही कशाची वाट बघत होता हे मला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं. याच जरनेलाच्या हाताखाली, सरहद्दीपलीकडं पठाणांच्या मुलखात झालेल्या मोहिमेत तुम्ही दोघे भाऊ एकाच पलटणीत होता आणि तुम्ही एकटे परत आलात. माझ्या जन्माआधीची गोष्ट. तुम्ही दारात आलात तेव्हा थोरली आई भाकरतुकडा घेऊन ओवाळायला उभी होती, दोघांसाठी. तुम्ही म्हणालात, दादा मागं राहिलाय. एवढंच. सरकारचा कागद आला त्यावर बेपत्ता लिहिलेलं. ज्याला जे समजायचं ते तो समजला, आणि थोरली आई समजली की मागं राहिलाय म्हणजे तिकडं राहिलाय. ती कुंकू लावत राहिली. हिरवा चुडा वाढला तरी लगेच नवा भरायची. थंडीत हिंग विकायला पठाण यायचे, त्यांना ती पाणी द्यायची, वाटीभर हिंग गरज नसताना घ्यायची आणि विचारायची, तुमच्या मुलखात आमच्याकडचा कुणी माणूस ऱ्हायलाय काय, उंच, कानात भिकबाळी. ते मान हलवायचे. तुम्ही घरात असलात तर उठून पागेकडं जायचा.

आणि मग ती दुपार. उन्हाळा आहे. थोरली आई उंबऱ्याजवळ चिंच फोडतेय, चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. मी वाचतेय. खिंडीतून माघार घेण्याचं प्रकरण. जरनेल स्वतः पुढच्या तुकडीबरोबर आहे, पिछाडीवर दिवसभर गोळीबार चाललाय. नाव, गाव, डोंगर सगळं तुमच्या ओळखीचं, तुम्ही माझ्याआधीच मान हलवताय. आणि पुढं लिहिलंय की अंधार पडायच्या आत पिछाडी छावणीत पोचली, सगळे जखमी सुखरूप आत आणले, आपल्या शिपायांनी एकालाही मागं टाकलं नाही, आणि आयुष्यात पुढं राज्यकारभारातली कितीही मोठी कामं केली तरी त्या संध्याकाळइतका अभिमान कशाचा वाटला नाही.

मी वाचून गेले, तशीच पुढच्या वाक्यावर. थोरल्या आईचा हात थांबला होता. ती म्हणाली, “परत वाच.” मी परत वाचलं. ती म्हणाली, “समदी आणली म्हंजी समदी?” मी म्हटलं, तसंच लिहिलंय. तिनं तुमच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघत होती. तुम्ही म्हणालात की वैरणीची गाडी आली असंल, आणि उठलात.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतात. थोरली आई बोलकी झाली. जखमींना आणलं तर दवाखान्यात ठेवलं असणार, तिथं कुणी आपलं माणूस नाही, भाषा कळत नाही, डोक्याला मार लागला असला तर गावाचं नावही आठवलं नसेल. असं होतं, असं ती मला समजावून सांगत होती, आणि मला ते पटत होतं. जरनेल अजून जिवंत होता, विलायतेत मंत्री होऊन गेलेला, मोठ्या सभेत बसणारा. “त्या सायबालाच पत्र घाल की,” ती म्हणाली. “येवढा लिवणारा माणूस, उत्तर देईलच.” मी मोठ्या बाईंकडं गेले. त्यांनी मसुदा नीट करून दिला, पत्ता कसा घालायचा ते सांगितलं. थोरल्या आईनं अंबाबाईची ओटी भरली. ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं. तुम्ही या सगळ्यात घरात होता, जेवत होता, आणि जेवण झालं की पागेकडं जात होता.

पत्र टाकायला मी निघाले त्या सकाळी तुम्ही पागेतून मध्येच आलात. वहाणा न काढता आत आलात. असं तुम्ही कधी केलं नव्हतं, म्हणून मी थांबले. थोरली आई चुलीपुढं होती. तुम्ही तिच्याकडं बघत बोललात, सावकाश, मोठ्यानं, जसं पागेतल्या माणसांना काम सांगायचा.

“वैनी, त्ये पत्र धाडू नगा. दादाला आणला न्हाई. त्येच्या पोटात गोळी लागलीती. जखमींच्या डोल्या भरल्या हुत्या. मी त्येला खडकाच्या सावलीला ठ्येवला आन् फुडं गेलो. थांबू नगा म्हून हुकूम हुता.”

थोरल्या आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग विचारलं, “जिता हुता?”

“व्हय.”

“पाणी?”

“पाजलं.”

“काय बोलला?”

“जा म्हनला.”

तिनं भाकरी काढली, चुलीला लावून फुगवली, टोपल्यात ठेवली. मग म्हणाली, “मग मला येवढी वर्सं का न्हाई सांगितलं, भावजी?” त्यात राग नव्हता. खरंच विचारायचं होतं तिला. तुम्ही म्हणालात, “तुमी कुकू लावून दारात हुबा हुता.” आणि तुम्ही परत गेलात, घोडी वितेय म्हणून. ती खरंच वीत होती, ते मला संध्याकाळी कळलं.

त्या दुपारी शेजारच्या म्हातारीला घेऊन थोरली आई पंचगंगेवर गेली आणि मोकळ्या कपाळानं, रिकाम्या हातांनी परत आली. रात्री तिनं नेहमीसारखं तुम्हाला आधी वाढलं. तुम्ही जेवलात. कोरड्यास तिखट झालंय असंही तुम्ही म्हणालात, आणि तिनं दही वाढलं. मी दोघांकडं बघत होते. काहीतरी मोठं होईल, कुणीतरी रडेल, ताट भिरकावेल, अशी वाट बघत होते. कुणीच काही केलं नाही. पुढच्या थंडीत पठाण आले तेव्हा तिनं त्यांना पाणी दिलं, पण हिंग घेतला नाही आणि काही विचारलंही नाही.

राग फक्त मला आला होता. दोन-तीन दिवसांनी मी पागेत आले. नवं शिंगरू उभं राहायचा प्रयत्न करत होतं, तुम्ही त्याच्या आईला गूळ चारत होता. मी म्हटलं, तुमचा जरनेल खोटारडा आहे, एवढा मोठा माणूस आणि पुस्तकात खोटं लिहितो. तुम्ही गुळाचे हात झाडलेत.

“त्येला खोटारडा म्हनू नगंस. त्यो फुडं हुता, त्येला काय दिसणार? सांजच्याला आमच्या कप्तानानं इचारलं, समदी जखमी आली काय. आमी म्हटलं, आली. त्येनं त्येच वर कळवलं. त्यात मी बी हुतो.”

का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, न्हाई म्हटलं असतं तर परत खिंडीत जावं लागलं असतं. मग घोडीच्या मानेवर हात ठेवून तुम्ही उभे राहिलात आणि मला घरी जायला सांगितलंत.

मी तेव्हा सोळा वर्षांची असेन. इतकं समजलं की पुस्तकातलं ते वाक्य तुमचंच होतं. तुमच्या तोंडून निघालेलं, कप्तानाच्या तोंडून जरनेलाकडं गेलेलं, विलायतेत छापलेलं, आणि जहाजातून परत तुमच्याच घरात आलेलं. आणि ते मोठ्यानं वाचायला तुम्ही मला लावलं होतंत. तुम्हाला काय ऐकायचं होतं, आबा? हुकूम आपणच दिला होता असं तो लिहील, असं वाटलं होतं का? की त्याला कुठून तरी कळलं असेल, आणि त्यानं लिहिलं असेल की काही माणसं मागं राहिली, म्हणजे तुम्हाला तोंड उघडावं लागलं नसतं? मी हे तेव्हा विचारलं नाही. विचारता आलं असतं, कारण त्यानंतरही आपण वाचत होतो. थोरली आई वाचनाच्या वेळी आतल्या खोलीत जायची, आणि आपण दुसरा भाग घेतला. त्यात लढाई नव्हतीच. निवडणुका, तहाची बोलणी, कालव्यांसाठी मंजूर करून घेतलेले कायदे, विरोधी पक्षाच्या माणसांशी झालेली मैत्री. तुम्ही प्रत्येक ओळ ऐकलीत. मध्ये एकदाच विचारलंत, खिंडीचं परत काय लिवलंय काय. नव्हतं. शेवटच्या पानापर्यंत नव्हतं.

मग प्लेगचं साल आलं. गाव रिकामं झालं, माणसं माळावर झोपड्यांत राहायला गेली. तुम्ही घोडी सोडून यायला तयार नव्हता. तुम्हाला गाठ आल्याचं आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही नाही म्हणून कळलं. मधे आम्हाला येऊ दिलं नाही. थोरली आई झोपडीच्या दाराशी बसली होती. ती म्हणाली, भावजीस्नी पाणी कुणी पाजलं आसंल? तिथं पागेतला माणूस होता, त्यानं पाजलं असेल, मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. ती तुमच्यानंतर बरीच वर्षं जगली. माझी शाळेतली नोकरी, माझं लग्न, माझी मुलं, सगळं तिनं बघितलं. तुमच्याबद्दल वाईट असा एक शब्द तिच्या तोंडून आला नाही. चांगलाही आला नाही. महाराजही गेले. पागेत आता मोटारी उभ्या असतात.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. पुढं रडू येईल असं बायका म्हणायच्या, आणि मीही धरून चालले होते. आलं नाही. या खेपेला खिंडीच्या पानाशी मी मुद्दाम थांबले, ते वाक्य इंग्रजीत वाचलं, मग तुमच्यासाठी वाचायचे तसं मोठ्यानं मराठीत म्हटलं. घरात कुणी नव्हतं. शेजारच्या गिरणीचा आवाज येत होता. मी पान उलटलं.

हे मी कुणाला पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. मुलांना दाखवलं तर ती प्रश्न विचारतील, म्हणून डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी चुलीत घालेन. पण बसलेच आहे तर एक सांगते. दुसऱ्या भागाच्या शेवटी जरनेल म्हातारा झालाय, सगळी पदं सोडून आपल्या गावी राहतोय. सकाळी नातवाला घेऊन सफरचंदाची झाडं बघत फिरतो, आणि कुठलं झाड कुणी लावलं ते त्याला सांगतो. ती पानं मी दोनदा वाचली. तिसऱ्यांदाही वाचली. मला तो माणूस आवडला, आबा. पुस्तक चांगलं आहे.